गायिका गेली, गाणे मागे राहिले

वणा नदीच्या काठी वसलेल्या आणि कापसाच्या बाजारपेठेमुळे सर्व विदर्भात ख्यात असलेल्या हिंगणघाटच्या वैशाली माडे मराठी 'सारेगमप' जिंकून, पुढे २००९ साली त्याच स्पर्धेच्या हिंदी पर्वातही अजिंक्य ठरल्या, आणि २०१५ साली 'बाजीराव मस्तानी'तल्या 'पिंगा'त व २०१९ साली 'कलंक'मधल्या 'घर मोरे परदेसिया'त श्रेया घोषाल यांच्यासारख्या मातब्बर गायिकेच्या जोडीने त्यांचा स्वर देशभर निनादला, याचा वर्धा जिल्ह्यास वाटणारा अभिमान सर्वथा यथार्थ आहे.

परंतु गायिका मुंबईस पोचली तरी तिच्या मुलखाचे गाणे तिच्यासमवेत गेले नाही, हे शल्य मात्र उरतेच. पिंगा हा मंगळागौरीचा खेळ. आमच्या वऱ्हाडी मुलींचा हक्काचा सोहळा तो भुलाबाईचा. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पाटावर मातीचे भुलाबाई-भुलोजी मांडावेत, टिपऱ्यांच्या तालावर सासर-माहेरची गाणी म्हणावीत, आणि झाकलेला डबा कानाशी खुळखुळवून आतली खिरापत ओळखावी. कोजागिरीच्या रात्री ज्वारीच्या पाच धांड्यांचे मखर उभारून निरोप द्यावा. या गाण्यांत सासुरवाशिणीचे जे दुःख आणि जो खट्याळपणा आहे, तो कोणत्याही संगीतकाराने हेवा करावा असा आहे.

यात वैशालीताईंस तिळमात्र दोष नाही. चित्रपटसृष्टीत काय गावे, हे ठरविण्याचा अखत्यार गायकाकडे क्वचितच असतो. उणीव आहे ती गावी राहिलेल्या आम्हा मंडळींची. अमेरिकेत टेलर स्विफ्ट यांनी २०१४ साली आपले मूळचे 'कंट्री' संगीत बाजूस ठेवून '१९८९' हा निखळ पॉप गीतांचा संग्रह काढला, तेव्हा त्या संगीताचे माहेरघर असलेले नॅशव्हिल शहर ओस पडले नाही. कारण 'ग्रँड ओल ऑप्री' हा नभोवाणीचा कार्यक्रम त्या शहरात १९२५ पासून आपल्या मातीतल्या गायकांस व्यासपीठ देत आला होता. कलावंताने खुशाल परमुलखी जावे, पण मागे त्याच्या गाण्याचे घर शाबूत असावे. आमच्या भुलाबाईस असे घर कोणी बांधले आहे?

म्हणून माझे मागणे साधे आहे. जिल्हा परिषदेने आपल्या शाळांतील शिक्षिकांकरवी गावोगावच्या वृद्ध स्त्रियांकडून ही गाणी, गाणारीचे नाव, गाव आणि चाल यांसह, ध्वनिमुद्रित करून दफ्तरी ठेवावीत. जिल्हा नियोजन समितीने खर्चाची तजवीज करावी. आणि नागपूर आकाशवाणीने भुलाबाईच्या महिन्यात त्यांस रोज थोडा वेळ द्यावा. सरकारी मंजुरीस विलंब लागेल, तो लागो. ज्या वाचकांच्या घरी भुलाबाईची गाणी येणारी आजी आहे, त्यांनी मात्र हुकुमाची वाट न पाहता आज सायंकाळीच तिच्याजवळ बसून ती उतरून घ्यावीत.