भोवरीवरची पट्टी आणि न विचारलेला प्रश्न

२०२३ साली आयसीएमआर-इंडियाब पाहणीचा अंदाज देशभर गाजला: भारतात मधुमेहाचे १०.१ कोटी रुग्ण. आकडा मथळ्यांत झळकला. त्या रुग्णांच्या पायांपर्यंत मात्र बातमी पोहोचली नाही. आजही भोवरीची, म्हणजे कुरुपाची, तक्रार घेऊन कोणी औषधांच्या दुकानात गेले की सॅलिसिलिक आम्लाची पट्टी हातात पडते. ‘मधुमेह आहे का?’ हे सहसा कोणी विचारत नाही.

हे आम्ल केराटिनने भरलेल्या पेशींमधले बंध सैल करते. भोवरी कुठे संपते हे त्याला कळत नाही. पट्टी सरकली की शेजारची निरोगी त्वचाही पांढरी पडून सुटू लागते. ज्याच्या पायाला संवेदना आहे, त्याला आग होते आणि तो पट्टी काढून टाकतो. ज्याचे चेतातंतू निकामी झाले आहेत, त्याला जखम कळते ती मोज्यावर डाग पडल्यावर. मधुमेही पायाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने अशा रुग्णांनी भोवरीसाठी रसायने वा पट्ट्या वापरू नयेत, असे स्पष्ट बजावले आहे. घरच्या ब्लेडबद्दल वेगळे काय सांगावे!

‘मूळ काढले की भोवरी जाते’ हा समज तर विज्ञानाचे पदवीधरही बाळगतात. भोवरीला मूळ नसते. असतो तो दाब आणि घर्षण. साठ किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला आणि भार १०० चौरस सेंटिमीटर तळव्यावर सारखा पसरला, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ६०० ग्रॅम येतात. त्यातला दहावा हिस्सा हाडाच्या टोकाखालच्या दोनच चौरस सेंटिमीटरवर एकवटला, की तिथे तीन किलो: पाचपट. त्वचा जाड होते ती स्वतःला वाचवण्यासाठी, आणि तो कठीण थरच पुढे खड्यासारखा आत रुततो. जोडा तोच ठेवून भोवरी सोलणे म्हणजे गळका नळ तसाच ठेवून फरशी पुसणे.

हे ज्ञान परदेशातून येण्याची वाट पाहायला नको. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांचा अभ्यास करून दाखवले, की वारंवार पडणारा दाबच पाय खातो. मऊ एमसीआर रबराची चप्पल त्याच कामाच्या परंपरेतली. दहा ग्रॅम भाराला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून संवेदना तपासायला मिनिटे पुरतात. ती तपासणी होईपर्यंत मधुमेह्याला ही पट्टी विकू नये, आणि वेष्टनावरचा इशारा ग्राहकाच्या भाषेत, चष्म्याविना वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत छापावा.