रोझरी एकाच दशकाची

आम्हा वसईकर कॅथलिकांच्या लहानपणी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, व्हायची दिवेलागणीला, अल्तारासमोर, गुडघ्यांवर. पाच दशकं (दहा-दहा मण्यांचे पाच भाग), वीसेक मिनिटं. आज त्या वेळी मुलगा विरार लोकलमध्ये लोंबकळत असतो, सून अंधेरीहून निघालेली नसते, नात क्लासला. तरी ‘घरात प्रार्थना राहिली नाही’ म्हणून ओरडतो आम्ही ज्येष्ठच. माझं म्हणणं सरळ आहे : वेळ बदला, लांबी कमी करा, पण रोज करा.

आमच्याकडे जेवणं उरकली की एकच दशक होतं. मोबाइल टेबलावर उपडे. नात मणी सरकवते आणि दहावा आला की ‘झाले!’ म्हणून जाहीर करते. (सासूबाईंना हे मुळीच खपलं नसतं.) मग ज्याने त्याने एकेका माणसासाठी मागायचं : आजारी शेजारीण, बारावीची परीक्षा, एकदा तर हरवलेलं मांजर. पाचही दशकं रविवारी आणि ऑक्टोबरात, कारण तो रोझरीचाच महिना.

परंपरा मोडली म्हणणाऱ्यांना आठवण करून देते : पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये रोझरीच्या पंधरा रहस्यांना (प्रत्येक दशकागणिक मनन करायच्या प्रसंगांना) प्रकाशाची पाच रहस्यं जोडली. पोप भर घालू शकतात, तर घराने घड्याळाचे काटे हलवले म्हणून काय बिघडलं?

एक सवलत मात्र मी देत नाही. यूट्यूबवर रोझरी लावायची आणि आपण ओटा पुसत बसायचं, हे आमच्या घरी चालत नाही.