भट्टीकडे पाठ का?

‘ऊर्ध्वपातन म्हणजे काय, ते आकृतीसह स्पष्ट करा’ हा प्रश्न शाळेत आपण सर्वांनी सोडविला आहे. खाली ज्योत, वर चंबू, बाजूने थंड पाण्याची नळी आणि शेवटी थेंब थेंब गोळा होणारा स्वच्छ द्रव. आकृती नीटनेटकी असली की गुण मिळतात. पण चंबूच्या जागी मडके आले, नळी बांबूची झाली आणि प्रयोगशाळेऐवजी ओढ्याकाठची जागा आली, की तीच क्रिया ‘हातभट्टी’ ठरते आणि गुणांच्या जागी गुन्हा येतो.

मित्रहो, दारूची तरफदारी करण्यासाठी हा लेख नाही. प्रश्न ज्ञानाचा आहे. पाश्चात्त्य देशांत आज भट्टीचे रीतसर वर्ग भरतात. शुल्क भरून लोक छोट्या तांब्याच्या यंत्रासमोर बसतात, सुगंधी बिया निवडतात आणि आपल्या हातची जिन घरी नेतात. बहुधा मूळ मद्यार्क आयता आणलेला असतो. शिकणाऱ्याच्या वाट्याला त्याला सुगंध देण्याचे काम येते. न्यूझीलंडने तर 1996 सालापासून स्वतःपुरते मद्य घरी गाळण्यास मोकळीक दिली आहे. तेथे याला छंद म्हणतात, कौशल्य म्हणतात. आपल्याकडे ज्यांना फळाफुलापासून शेवटच्या थेंबापर्यंतची सारी क्रिया पाठ आहे, त्यांना मात्र आपण अडाणी म्हणतो.

शेजारच्या गोव्याचेच पाहा. उन्हाळ्यात काजूची पिकलेली बोंडे खडकातल्या कुंडात तुडवतात. रस आपोआप आंबू देतात. त्यात पाणी घालीत नाहीत, बाहेरचे यीस्टही घालीत नाहीत. सुमारे तीन दिवसांनी तो ‘भाण’ नावाच्या मोठ्या भांड्यात तापवतात. वाफ नळीतून ‘लवणी’त उतरते, लवणीवर थंड पाणी पडत राहते आणि आत अर्क साठतो. पहिल्या वेळचा तो उर्राक, साधारण 15 टक्के मद्यार्काचा. तो आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा गाळला की फेणी होते, 40 टक्क्यांच्या वरची. जाळ किती ठेवायचा, कोणत्या क्षणी भांडे बदलायचे, हे जुना भट्टीवाला वासावरून आणि ओतताना उठणाऱ्या फेसावरून ओळखतो. फेणी हे नावच फेणावरून पडले असे मानतात. हे रसायनशास्त्र नव्हे तर काय? काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि 2016 मध्ये गोवा सरकारने तिला वारशाचा दर्जा दिला. तोवर तीही केवळ ‘देशी दारू’ होती. भट्टी तीच, मडके तेच; पाहणाऱ्याची नजर बदलली.

आपल्याकडे ही नजर मुद्दाम बिघडविली गेली. 1878 च्या आबकारी कायद्याने इंग्रजांनी गावोगावच्या भट्ट्या मोडून मद्याचा व्यवहार सरकारी भट्ट्या आणि ठेकेदार यांच्या हाती दिला. हेतू लोकांची नीती सुधारण्याचा नव्हता, तिजोरी भरण्याचा होता. 1892 च्या कायद्याने तर ठाणे-कुलाबा भागांत मोहाच्या फुलांवरच बंधने आली. जी फुले पहाटे वेचून आदिवासी बाया टंचाईत खातही असत, त्या फुलांवर! स्वातंत्र्यानंतर 1949 चा दारूबंदी कायदा आला आणि मोहफुलांचा संशय कायमच राहिला. राज्य शासनाने ही बंधने सैल केली ती 2021 मध्ये. एवढ्या काळात कारखान्याचा मालक उद्योगपती झाला आणि मोह गाळणारी बाई आरोपी झाली.

यावर कोणी विचारील, की दारूने उद्ध्वस्त झालेल्या संसारांचे काय? प्रश्न रास्त आहे. गडचिरोलीत 1993 मध्ये दारूबंदी झाली ती लोकांच्या आंदोलनामुळे, आणि त्यात स्त्रियांचा मोठा वाटा होता. त्यांच्या दुःखाची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण अज्ञान म्हणजे व्यसनमुक्ती नव्हे. 2015 मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे विषारी दारूने मेली, तेव्हा सर्वत्र ‘हातभट्टीचे बळी’ हेच शब्द ऐकू आले. वास्तविक त्यांना मारले ते मिथाइल अल्कोहोल या औद्योगिक रसायनाने. 2022 मध्ये दारूबंदी असलेल्या गुजरातेत, बोटाद भागात, हेच रसायन पाण्यात मिसळून दारू म्हणून विकले गेले. तेथे भट्टीचा संबंधच नव्हता. आंबवलेल्या फळाफुलांत हे द्रव्य अल्प असते. सामूहिक मृत्यू घडतात ते भेसळीने. हा फरक लोकांना ठाऊक असता, तर रोष मडक्यावर न जाता रसायनाच्या पिंपावर गेला असता, आणि ते पिंप गुत्त्यापर्यंत पोहोचलेच कसे, हा खरा प्रश्न कोणीतरी विचारला असता.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपली सहल गोव्याला जाते, चर्च आणि समुद्र पाहून परतते. परीक्षा आटोपल्यावर, एप्रिलच्या अखेरीस, ती एक दिवस एखाद्या परवानाधारक भट्टीवर न्यावी. प्यायला नव्हे, पाहायला आणि विचारायला. आणि महाविद्यालयात विज्ञान शाखेच्या मदतीने गवती चहाचा किंवा वाळ्याचा अर्क आपल्या हातांनी गाळावा. क्रिया तीच, कायद्याचीही अडचण नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी आबकारीचे कागद वाचावेत, मराठीच्या विद्यार्थ्यांनी भट्टीवरचे शब्द टिपून घ्यावेत. जुनी माणसे गेली की ते शब्दही जातील.

आपल्याच वर्गात अशीही मुले असतील, ज्यांच्या आजीने कधीकाळी मोह गाळला होता. ती हे कधी बोलून दाखवीत नाहीत. ज्या दिवशी ती वर्गात मान वर करून सांगतील, की आमच्या आजीला ऊर्ध्वपातन येत होते, त्या दिवशी आपले शिक्षण थोडे पुढे गेले असे मी समजेन.