वेड्याला फाशी द्यावी काय?

रामन राघवचे नाव निघाले की बहुतेकांच्या तोंडून एकच प्रश्न येतो: 'असल्या नराधमाला फासावर का चढवले नाही?' प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याचे उत्तर रागाच्या भरात देण्यासारखे नाही.

१९६५-६६ मध्ये आणि पुन्हा १९६८ मध्ये मुंबईच्या उपनगरांत झोपड्यांत व पदपथांवर निजलेल्या माणसांची डोकी रात्री जड हत्याराने ठेचली जात होती. बायका-मुलेही त्यातून सुटली नाहीत. तपासाची सूत्रे गुन्हे शाखेच्या रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. ऑगस्ट १९६८ मध्ये उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियालो यांनी राघवला पकडले. त्याने कबूल केलेल्या खुनांचा आकडा चाळिसाच्या घरात जातो.

सत्र न्यायालयाने १९६९ मध्ये फाशी सुनावली. राघवने अपील केले नाही. परंतु फाशीवर उच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब व्हावेच लागते. तेथे न्यायालयाने तीन मानसोपचारतज्ज्ञांचे मंडळ नेमले. सरकारनेच आपल्याला मुंबईत आणून गुन्हे करायला लावले, अशी या माणसाची पक्की समजूत होती! मंडळाने त्याला मनोरुग्ण ठरवले आणि अखेर फाशीची जन्मठेप झाली. येरवड्याचा हा कैदी १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने वारला.

माझ्या मते न्यायालयाने योग्य तेच केले. शिक्षा ही भोगणाऱ्याला कळली पाहिजे. ज्याला आपण कशासाठी मरतो आहोत हेच नीट उमगत नाही, त्याला मारून धाक तरी कोणाला बसणार? दुसरा वेडा काही निकालपत्र वाचून शहाणा होत नाही. आणि समाजाचे रक्षण म्हणाल, तर ते तुरुंगाच्या भिंतींनी सत्तावीस वर्षे केलेच. पुढे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मनोविकार हे फाशी रद्द करण्याचे एक कारण मानले.

'मग मेलेल्यांना न्याय कोणता?' असे कोणी विचारील. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. राघवच्या नावावर २०१६ मध्ये हिंदी चित्रपट निघाला. त्याच्या हातून मेलेल्यांपैकी एकाचे तरी नाव आपणांस सांगता येईल काय? ही माणसे मेली ती दाराला कडी लावून झोपण्याची ऐपत नव्हती म्हणून. पोटासाठी शहरात आलेल्या त्या कष्टकऱ्यांना उघड्यावर निजावे लागत होते, हे राघवच्या आधीही सर्वांना दिसत होते. त्याला फाशी दिली असती, तरी दुसऱ्या रात्री ते तेथेच निजले असते.

आज आपल्या शहरांतून रात्री फिरून पाहा. बसस्थानकाबाहेर, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर माणसे झोपलेली दिसतील. राघवला फाशी का दिली नाही, हे तावातावाने विचारणाऱ्या आपण सर्वांनी यांना निवारा का मिळत नाही, हेही तितक्याच तावातावाने विचारावे.