तांब्या, लाटणे आणि शिवण

शिवणकाम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मशीन येते, कात्री येते, गळ्यात टेप अडकवलेला शिंपी येतो. इस्त्री मात्र येत नाही. इस्त्री धुतलेल्या कपड्यांना करायची असते, असा आपला समज! परंतु ज्या घरात मशीनच्या आवाजावरच मुलांची शिक्षणे चालली आहेत, अशा घरात मी वाढले. म्हणून एक गोष्ट ठामपणे सांगते : कपडा मशीनवर निम्माच होतो, उरलेला निम्मा शिवण दाबताना होतो.

दोन तुकडे जोडून टीप मारली की आत थोडे जास्तीचे कापड राहते. त्याला शिवणकामात 'माया' म्हणतात. ही माया उलगडून दोन्ही बाजूंना सपाट बसवली नाही, तर शिवण फुगते, मुंढा ओढतो आणि नवाकोरा ब्लाउजही जुनेर वाटतो. शिवाय हे काम शेवटी एकदाच करून भागत नाही. एका शिवणीवरून दुसरी टीप जायची असेल, तर पहिली आधी दाबून घ्यावी लागते. अस्तराच्या एका ब्लाउजसाठी दहा-बारा वेळा तरी मशीनवरून उठावे लागते.

माझ्या आईचे दुकान म्हणजे मुदखेडातल्या आमच्या घराची पुढची खोली. आदिलाबादकडे आणि निजामाबादकडे जाणारे रेल्वेचे फाटे आमच्या गावात फुटतात, त्यामुळे गाड्यांचा आवाज आणि मशीनचा आवाज यांतच आमचा अभ्यास झाला. आज घरात विजेची इस्त्री आहे. पण हजार वॉटची इस्त्री तासभर सलग तापली की एक युनिट जळते, आणि लग्नसराईच्या ऐन उन्हाळ्यात लाईन कधी जाईल याचा नेम नाही. गिऱ्हाईक दारात उभे असते. अशा वेळी आई स्वयंपाकघरात जाते आणि आपली जुनी हत्यारे घेऊन येते.

पहिला मान पितळी तांब्याचा. त्याचे बूड चिंच लावून लखलखीत घासलेले असते. त्यात उकळते पाणी ओतायचे, गळ्याला फडके गुंडाळून धरायचे आणि किंचित ओलसर केलेल्या शिवणीवरून दाबत न्यायचे. खाली चौघडी केलेली वाकळ. बाहीसारख्या अरुंद नळीत तांब्या जात नाही. तिथे जुने सुती कापड घट्ट गुंडाळलेले लाटणे आत सरकवायचे. लाटण्याच्या गोलाईवर फक्त शिवणीची रेघ दाबली जाते, मायेच्या कडा बाजूला खाली राहतात आणि त्यांचे वळ सुलट बाजूला उमटत नाहीत. कटोरीच्या फुगीर भागासाठी चिंध्या ठासून भरलेली छोटी उशी. आणि शेवटी कपडे धुण्याचे लाकडी धोपटणे : वाफाळलेल्या शिवणीवर ते ठेवून मनात वीस अंक मोजायचे. लाकूड वाफ शोषून घेते, पण ऊब लगेच सोडत नाही. पातळ सुती कापडाला तर पुष्कळदा हातचे नखही पुरते.

यामागे शास्त्र आहे, हे मला फार उशिरा कळले. सुताच्या तंतूंतील रेणू एकमेकांना धरून असतात. ओल आणि उष्णता मिळाली की ती पकड सैल होते, आणि कापड वाळून गार होताना नव्या जागी पुन्हा बसते. म्हणूनच आई ओरडते, "गार होऊ दे गं बाई, उचलू नको!" दुसरे असे की उकळत्या पाण्याचा तांब्या शंभर अंशांच्या वर जात नाही. टेरिलीनसारखे कापड त्याने जळत नाही, उलट चांगले बसते. जाड सुती कापडाला मात्र तेवढी उष्णता अपुरी पडते. तिथे पूर्वी तांब्यात निखारे घालीत. पण त्या उष्णतेला माप नाही, आणि बंद खोलीतला कोळशाचा धूर जिवावर बेततो.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. दोन वर्षांपूर्वी मी शिवणाच्या एका वर्गाची परीक्षा दिली. ऐन वेळी वीज गेली. मी पिशवीतून गुंडाळलेले लाटणे काढले, शिपाईमावशींकडून उकळते पाणी मागून घेतले आणि कामाला लागले. परीक्षक बाई जवळ आल्या आणि हसून म्हणाल्या, "ही शिवणाची परीक्षा आहे, पोळ्यांची नाही." वर्ग खो खो हसला. माझी शिवण त्यांनी उलटून पाहिलीच नाही. 'साहित्य' या रकान्यातले माझे गुण गेले. गुणांचे दुःख कधीच संपले. पण त्या हसण्यात माझ्या आईलाही हसले गेले, हे मात्र अजून विसरले नाही.

मित्रहो, हसण्यासारखे यात काय आहे? चीनमधील बाराव्या शतकातील एका प्रसिद्ध चित्रात राजघराण्यातील स्त्रिया नवे रेशीम ताणून धरून निखाऱ्यांच्या दांडीवाल्या भांड्याने ते सपाट करताना दिसतात. परदेशातले नामांकित कोट शिवणारे कारागीर आजही शिवणीवर लाकडी ठोकळा दाबतात आणि भुसा भरलेल्या उशीवर छातीचा भाग बसवतात. त्यांचा तो ठोकळा म्हणजे 'हत्यार' आणि आमचे धोपटणे म्हणजे 'अडाणीपणा', हा न्याय कुठला? वस्तूची किंमत ती कोणत्या दुकानातून आली यावरून ठरवायची, की तिने काय काम केले यावरून?

यावर माझ्या एका मैत्रिणीने फार चांगला आक्षेप घेतला. ती म्हणाली, "तू गरिबीचे कौतुक करत आहेस. तांब्याचे गोडवे गायले की इस्त्री द्यायला कोणी येणार नाही." मी निरुत्तर झाले. आईच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे, तो तांब्याचाच. त्या डागाला मी कला म्हणणार नाही.

1924 साली एका संभाषणात महात्मा गांधींनी यंत्रांविषयीच्या आपल्या विरोधातून सिंगरचे शिवणयंत्र वगळले होते. पत्नीचे कष्ट पाहून प्रेमापोटी सिंगरने ते घडवले, असे कारण त्यांनी दिले होते. मला वाटते, कसोटी हीच आहे : हत्यार माणसाचे कष्ट कमी करते की नाही? लाईन गेलेल्या दुपारी लाटणे ते करते, म्हणून ते थोर. पण रोजच्या रोज हात भाजत असेल, तर तिथे चांगली इस्त्रीच हवी.

म्हणून माझे म्हणणे दुहेरी आहे. परीक्षा घेणाऱ्यांनी शिवण उलटून पाहावी आणि गुण शिवणीला द्यावेत. शिकवणाऱ्यांनी दाबणीला टिपेइतकाच वेळ द्यावा, आणि वीज नसताना काय करायचे तेही शिकवावे. दुसरीकडे, मदत देणाऱ्यांनी मशीन म्हणजेच शिवणकाम असे समजू नये. 2023 साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतची तरतूद आहे. अशा मदतीचा विचार करताना इस्त्रीचीही आठवण ठेवावी.

आपल्या महाविद्यालयातल्या कितीतरी जणांच्या आया शिवणकाम करतात. त्यांच्यापैकी दोघी-तिघींना एक दिवस व्याख्यात्या म्हणून मानाने बोलवावे, एवढी विनंती या पानावरून प्राचार्यांना आणि प्राध्यापकांना करते. माझी आई येईल का, म्हणून मी विचारले. ती म्हणाली, "मला कुठं बोलता येतंय, माय? पण शिवण दाखवीन." मला वाटते, तेवढे पुरेसे आहे.

(बी. ए. द्वितीय वर्ष)