झुकलेली पापणी आणि निसटणारी वर्षे

माहीमच्या संत मायकल चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेनासाठी गर्दी लोटते. अशा गर्दीत एखादे मूल हनुवटी उचलून, मान मागे टाकून पाहताना दिसते. लोक त्याचे कौतुक करतात. परंतु जन्मतः झुकलेल्या पापणीखालून जग पाहण्याची ती धडपड असू शकते.

पापणी उचलणारा स्नायू गर्भावस्थेत नीट विकसित झाला नाही, की हा दोष उद्भवतो. ग्रहणाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. पापणीने बाहुली झाकली, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो आणि डोळा 'आळशी' बनतो. बाहुली उघडी असली, तरी पापणीच्या दाबाने चष्म्याचा तिरपा नंबर येऊ शकतो. दृष्टी घडण्याचा काळ साधारण सात-आठ वर्षांपर्यंतचा असतो. आपल्याकडे मात्र 'मोठेपणी सुधारेल' म्हणत थांबतात आणि मुलीचे लग्न ठरू लागले, की शस्त्रक्रियेची आठवण होते! तेव्हा चेहरा सुधारतो, गेलेली दृष्टी बहुधा परतत नाही.

२०१३ च्या फेब्रुवारीत तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी हा त्याचा गाभा. केंद्राच्या मूळ यादीतील नऊ जन्मजात दोषांत मोतीबिंदू आहे, दुभंगलेला ओठ आहे. झुकलेली पापणी नाही. दृष्टिदोष वेगळ्या गटात येतो खरा, परंतु तान्ह्या बाळाची दृष्टी मोजणे सोपे नसते, उलट पापणी कोणालाही दिसते. आमच्या मते ही उणीव भरून काढायला हवी.

स्नायूत थोडे बळ असेल, तर तो आखूड करून पापणी उचलतात. बळ नसल्यास मांडीतील पडद्याची पट्टी किंवा सिलिकॉनची दोरी वापरून पापणी कपाळाच्या स्नायूला जोडतात. सहसा तीन ते पाच वर्षांच्या वयात हे करतात. बाहुली झाकली असेल, तर त्याआधीच. सिलिकॉन सैल पडून पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते. झोपेत डोळा किंचित उघडा राहतो, म्हणून औषधाचे थेंब व मलम लागते. आळशी डोळ्यासाठी चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी हे उपचार निराळेच.

माहीमकरांना शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय व परळचे के.ई.एम. ही महापालिकेची रुग्णालये जवळ आहेत. जाताना बाळाची जन्मापासूनची छायाचित्रे न्यावीत, म्हणजे दोष जन्मजात आहे का, हे डॉक्टरांना कळते. पापणी नंतर अचानक झुकली असेल, तर ते दुखणे वेगळे. त्यासाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.