चावीतली चिप नेमकी कोणाची?

प्रति,
मा. नितीन गडकरी साहेब,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली

विषय : गाडीच्या चावीचा कोड गाडीमालकाच्या हाती देण्याबाबत

साहेब,

आपल्याला येणाऱ्या पत्रांत कुणी रस्ता मागतं, कुणी पूल, कुणी टोलमाफी. लोणार तालुक्यातल्या बीबीतून मी लिहितोय ते चावीसाठी. मागणी छोटी वाटेल, पण ती आपल्याच खात्याच्या अखत्यारीतली आहे.

गेल्या उन्हाळ्यात भावकीतल्या एका लग्नात ऐन वरातीच्या वेळी गाडीची चावी विहिरीत पडली. गाडी सेकंडहँड घेतलेली आणि घेतानाच एक चावी मिळालेली. चावीवाल्याला बोलावलं. त्यानं दार उघडलं, कुलपाचा अंदाज घेऊन नवी पाती कापली. चावी फिरली, स्टार्टर घुमला, पण इंजिन काही धरेना. मीटरवर चावीच्या चित्राचा लाल दिवा सारखा लुकलुकत होता. कुणी म्हणालं पंप गेला, कुणी म्हणालं बॅटरी उतरली. पोरांनी धक्का मारून पाहिला. शेवटी गाडी टोचन लावून शहरातल्या वर्कशॉपला न्यावी लागली आणि तिथंही कोड वरून मागवायचा म्हणून ती पडून राहिली.

चावीवाल्याचं काम चोख होतं. गाडीला हवी होती ती पातीबरोबरची चिप. चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी किंवा काळा चौकोनी तुकडा असतो, तोच ट्रान्सपॉन्डर. त्याला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं कडं असतं, त्यातून साधारण 125 किलोहर्ट्झच्या लहरी निघतात आणि त्या लहरींतूनच चिपला वीज मिळते. म्हणून तर रिमोटचा सेल संपला तरी गाडी चालू होते.

जाग आलेली चिप आधी आपला क्रमांक सांगते. जुन्या चिपांचं काम तिथंच संपायचं, त्यामुळं त्यांची नक्कल सहज व्हायची. नंतरच्या गाड्या पुढं एक आकडा पाठवतात, दर वेळी वेगळा. चिपमध्ये आणि गाडीत एकच गुप्त संख्या साठवलेली असते. तिच्या आधारे दोघं स्वतंत्रपणे गणित करतात, आणि उत्तर जुळलं तरच इमोबिलायझर हा चोरीरोधक पहारेकरी इंजिनच्या संगणकाला, म्हणजे ईसीएमला, हिरवा कंदील दाखवतो. नाही जुळलं, तर काही गाड्यांत स्टार्टरच लागत नाही, काहींत इंजेक्टर आणि स्पार्क बंद राहतात. हे सारं चावी फिरवण्याच्या क्षणात उरकतं.

ही व्यवस्था काढून टाका, असं माझं म्हणणं मुळीच नाही. जर्मनी आणि ब्रिटनमध्ये 1998 पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. नेदरलँड्समधल्या दोन अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार 1995 ते 2008 या काळात या उपकरणामुळं तिथली मोटारचोरी सरासरी 40 टक्क्यांनी घटली. उलट अनुभव अमेरिकेचा. तिथं किया आणि ह्युंदाईच्या 2011 ते 2021 मधल्या अनेक गाड्यांत इमोबिलायझर नव्हता. पोरं कुलपाचं झाकण उचकटून यूएसबी केबलच्या टोकानं त्या चालू करू लागली, त्याचे व्हिडिओ फिरले आणि चोऱ्यांचा सुळसुळाट झाला. एका चिपची किंमत काय असते, हे त्यावरून कळतं.

प्रश्न आहे तो या चिपवर हक्क कुणाचा, हा. गाडीच्या आरसीवर नाव माझं, कर्ज माझं, विमा माझा. पण नवी चावी गाडीला ओळखवायचा सुरक्षा कोड बहुतेक वेळा माझ्याकडं नसतो. सगळ्या चाव्या हरवल्या तर या कोडवाचून पान हलत नाही. कधी कधी ईसीएमसकट अख्खा संच बदलण्याचा खर्च माथी मारला जातो. मग कुणीतरी सल्ला देतो, ‘इमोबिलायझरच ऑफ करून टाकू, कटकट मिटेल.’ खेड्यापाड्यातला माणूस नाइलाजानं हो म्हणतो, आणि हजारो रुपये मोजून घेतलेलं संरक्षण आपल्याच हातानं काढून टाकतो.

कंपन्या म्हणतील, कोड वाटले तर चोरांचं फावेल. पण गुप्ततेचा इतिहास वेगळं सांगतो. चाव्यांमधल्या एका चिपची 40 बिटांची गुप्त पद्धत अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2005 मध्ये फोडून दाखवली. मेगामॉस नावाच्या चिपमधल्या त्रुटींवरचा निबंध 2013 मध्ये ब्रिटिश न्यायालयाच्या मनाईमुळं अडला आणि 2015 मध्ये अखेर छापून आला. दडवून ठेवलं म्हणून कुलूप मजबूत होत नाही. सराईत चोराकडं यंत्र असतंच, अडतो तो गाडीचा धनी.

सेकंडहँड गाड्यांचं दुखणं याहून मोठं. गाडी नावावर करताना आपण फॉर्म 29 आणि 30 भरतो. त्यात चेसिस नंबर लिहितो, चाव्यांचा कुठं उल्लेखही नसतो. गाडीच्या मेमरीत किती चाव्या नोंदलेल्या आहेत, हे स्कॅनर लावला तर कळू शकतं. जुन्या मालकाकडं किंवा मधल्या एजंटाकडं एखादी राहिली असेल, तर बहुतेक गाड्यांत ती पुसताही येते. पण हे घेणाऱ्याला सांगतो कोण? पुढं गाडी चोरीला गेली, की विमा कंपनी पहिल्यांदा दोन्ही मूळ चाव्या मागते. ज्याला मिळालीच एक, त्यानं दुसरी आणायची कुठून?

नंबरप्लेटचा गैरवापर होऊ नये म्हणून आपल्या खात्यानं होलोग्राम आणि लेझरचा क्रमांक असलेली प्लेट सक्तीची केली. तेवढंच लक्ष चावीकडं द्यावं, म्हणून या मागण्या :

एक, नवी गाडी देताना चावीचा क्रमांक आणि सुरक्षा कोड सीलबंद कार्डावर मालकाला द्यावा आणि मूळ चाव्या किती दिल्या, ते बिलावर लिहावं.

दोन, मालकी बदलताना फॉर्ममध्ये चाव्यांचा रकाना असावा. खरेदीदारानं मागितल्यास जुन्या चाव्या पुसून देणं अधिकृत वर्कशॉपवर बंधनकारक करावं आणि त्याचे दर फलकावर लावावेत.

तीन, चावीवाल्यांची पोलीस पडताळणीसह नोंदणी करून त्यांना कोड मिळण्याची रीतसर वाट खुली करावी. अमेरिकेत नोंदणीकृत कुलूप कारागिरांना कोड मिळतात आणि प्रत्येक व्यवहाराची नोंद राहते. युरोपीय संघानंही स्वतंत्र गॅरेजांसाठी सर्मी नावाची मान्यतापद्धत आणली आहे. आपल्याकडं ग्राहक व्यवहार विभागानं 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी, समिती नेमली, तिच्या कक्षेत वाहनंही आहेत. आपलं खातं आणि तो विभाग एकत्र बसले, तर नियमांचा मसुदा पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेकडून करून घेता येईल.

मसुदा निघाला, की हरकती-सूचनांसाठी तो मराठीतही प्रसिद्ध करावा. आमच्याकडचे फिटर, चावीवाले आणि गाडीमालक त्यावर आपलं म्हणणं लेखी कळवतील.

आपला,
बीबी (ता. लोणार, जि. बुलढाणा) येथील एक वाहनमालक